मी कापलेली ओवी

दिवाळी सरून आठ-दहा दिवस झाले की पूर्वेकडची मेंढरं नदीकाठाला उतरतात. जत-आटपाडीकडच्या माळावरचं गवत तोवर सरत आलेलं असतं, आणि इकडं कृष्णाकाठची उसाची रानं तुटून मोकळी व्हायला लागलेली असतात. शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतात, मेंढरांना उसाचा पाला मिळतो, धनगरांना चार दिवसांचा मुक्काम. दोघांचंही भागतं. थंडी पडायला लागली, कारखान्याच्या मळीचा आंबूस वास सांगलीत विश्रामबागेपर्यंत यायला लागला, की समजायचं, आता कुठल्याही दिवशी रस्ता अडणार.

यंदाही अडला. कुंडलच्या अलीकडं, सकाळी नऊच्या सुमाराला. मी मोटारसायकल बंद केली आणि पाय टेकून उभा राहिलो. पुढं घोडं, घोड्यावर भांडीकुंडी, घोंगड्यांची वळकटी, वळकटीवर पाय बांधून बसवलेल्या दोन कोंबड्या. मागं काळ्या-पांढऱ्या पाठींचा लोंढा. डांबरावर शेकडो खुरं पडतात तेव्हा कुणी सुपात ज्वारी घोळवतंय असा आवाज होतो. माझा सगळा जन्म आवाजात गेला. सांगलीतल्या एका छोट्या स्टुडिओत मी चौदा वर्षं गाणी रेकॉर्ड केली. आता घरातल्याच एका खोलीत लग्नांच्या आणि शाळेच्या गॅदरिंगच्या व्हिडिओंना आवाज नीट करून देतो. त्यामुळं कान आपोआप तिकडं वळतात. माझ्या मागं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं ओरडत होतं, आणि तरीही मला खुरं ऐकू येत होती.

एरवी हा आवाज कुणालाही आवडावा असाच. मी मात्र ह्या दिवसांत मेंढरं दिसली की मान खाली घालतो. पंचवीस वर्षं होऊन गेली, पण त्या एका हंगामाची लाज गेलेली नाही. उलट यंदा ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

निमित्त झालं माझ्या मुलीचं. सई पुण्यात नोकरी करते. दिवाळीला आली तेव्हा तिनं माझं जुनं कपाट आवरायला काढलं. कपाट म्हणजे कॅसेटी आणि सीड्या. त्या चौदा वर्षांत मी जे जे अल्बम केले त्यांची एकेक प्रत. ती जमिनीवर फतकल मारून बसली आणि एकेक कव्हर पुसत म्हणाली, "बाबा, हे कुणी ऐकलंय का कधी?"

"कुणी नाही."

"मग यादी करा की. ज्यांचं कौतुक व्हायला हवं होतं आणि झालं नाही अशांची. मी लिहिते, नेटवर टाकते. लोक वाचतात असलं."

मला गंमत वाटली. दोन दिवस आम्ही बापलेक त्यातच होतो. कुंडलचे एक सुभेदार होते, फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालेले. त्यांनी आईची भांगलणीची, रानातलं तण काढतानाची गाणी क्लॅरिनेटवर वाजवली होती. कदमतालावर वाढलेलं ते वाद्य भांगलणीच्या सुरात आलं की असं सैल व्हायचं, जसा घरी आल्यावर जवान पट्टा सोडून बसतो. अल्बम खपला नाही. सुभेदार पुढं कितीतरी वर्षं लग्नांत आहेर म्हणून त्याच कॅसेटी देत राहिले. दुसरा होता कोयनानगरच्या एका शाळेतल्या बाईंचा. मुलांची गाणी, वर्गातच रेकॉर्ड केलेली. एका गाण्याच्या मध्यात जमीन हलली. बाकं खडखडली, वीस पोरांचे आवाज एकदम थांबले, बाई नुसतं "हं" म्हणाल्या आणि पोरं जिथं थांबली होती तिथूनच पुढं गायला लागली. मी तो तुकडा काढून टाकणार होतो. बाईंनी माझा हात धरला. "आमच्याकडं असंच असतं," म्हणाल्या, "ते राहू द्या." आज त्या अल्बममधलं सगळ्यात सुंदर काही असेल तर ते "हं" आहे.

असे सात अल्बम निघाले. सईनं मन लावून लिहिलं, माझं नाव घातलं, माझा फोटो टाकला. लोकांना आवडलं. कुणी म्हणालं, श्रोत्यांना जाण नाही. कुणी कंपन्यांना नावं ठेवली, कुणी काळाला. मी मोबाइलवर वाचत होतो आणि मान डोलवत होतो. दुर्लक्ष झालेल्या अल्बमांबद्दल बोलायचं तर दोष असा कुणातरी तिसऱ्याचा असला की फार बरं वाटतं. बनवणाराही चांगला, गाणाराही चांगला, जगच तेवढं बहिरं.

त्या कपाटात आठवा अल्बमही होता. सईच्या हातात तो आला होता. "हा?" तिनं विचारलं. कव्हरवर भडक पिवळ्या रंगात एक फेटेवाला माणूस आणि मागं नाचणाऱ्या चार मुली. "तो नको," मी म्हणालो. "तो वाईट झालाय." तिनं तो बाजूला ठेवला.

वाईट झालाय. जसं काही तो आपला आपणच झाला.

त्या हंगामात मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. स्टुडिओ विश्रामबागेत एका मंगल कार्यालयाच्या मागं, भिंतींना आम्ही गोणपाट आणि जुन्या गाद्या मारलेल्या. मालकांना कुणीतरी सांगितलं की धनगरी ओव्यांना सध्या मागणी आहे. कुंडलच्या शिवारात बसलेल्या एका मेंढवाड्यात एक गाणारा आहे, त्याला घेऊन या. मी गेलो. उसाचं पाचट पेटवलं होतं, सगळ्या रानावर गोडसर धूर. त्या धुरात बिरूअण्णा कोकराच्या पायातला काटा काढत बसले होते. पन्नाशीचा उंच माणूस, खांद्यावर घोंगडी, कानात बाळी.

"गाणं म्हणता का अण्णा?"

"गाणं न्हाई म्हणत," ते म्हणाले, काटा काढून झाल्यावरच. "वाट म्हणतो."

मला ते कळलं नाही. त्यांच्या बायकोनं, तानूबाईंनी, चुलीपुढून सांगितलं, "त्यांच्या बापाची ओवी हाय. आमी घरनं निघून कोयनंच्या पल्याड जातो, घाट उतरून. त्या समद्या वाटंची. कुठं मुक्काम, कुणी पाणी दिलं, कुणी हाकललं, समदं हाय त्यात."

तीन दिवस सकाळी ते स्टुडिओत आले. तानूबाई बरोबर असायच्या, ओळीचा शेवट उचलून धरायला. पहिल्या दिवशी काम अडलं, कारण अण्णांना उभं राहून गाता येईना. ते जागच्या जागी चालायचे. पाऊल टाकायचे, काठी टेकायचे, मग शब्द यायचा. माइकमध्ये पावलांची धपधप. "पाय हलवू नका अण्णा," मी म्हणालो. त्यांनी प्रयत्न केला. पाय थांबले की ओवीही थांबायची. शेवटी मी त्यांचीच घोंगडी चौपदरी करून पायाखाली घातली आणि ते चालू लागले.

दीड तासाची ओवी होती ती. माळावरून निघायची, बाभळीच्या ओढ्यापाशी थांबायची, पुढं एका मोडक्या विहिरीपाशी, पुढं कुंडलच्या डोंगराखाली. प्रत्येक मुक्कामाला अण्णा गाणं सोडून गप्प व्हायचे. दहा पावलं, कधी वीस. नुसती काठी आणि श्वास. मग पुढचं गाव. कुठल्या म्हातारीनं तापल्या दुपारी ताक दिलं होतं, तिचं नाव. कुठल्या पाटलानं कुत्री सोडली होती, त्याचंही नाव, पण शिवी नाही. आजोबांनी जोडलेल्या ओळी, बापानं जोडलेल्या, त्यांनी स्वतः जोडलेल्या. मी हेडफोन लावून बसलो होतो आणि मला चक्क कंटाळा आला होता. हे लिहिताना हात अडतो, पण खरं तेच आहे. मी घड्याळ बघत होतो.

तिसऱ्या दिवशी ओवी कोयनेच्या घाटात शिरली. एका ओहोळापाशी आले, जांभळीच्या झाडाखाली, आणि अण्णा म्हणाले, "हौसा." एवढंच. गाण्यात नाही आणि बोलण्यातही नाही, त्या दोघांच्या मधल्या कुठल्याशा आवाजात. म्हणताना आवाज फुटला. मग पावलंही थांबली. तानूबाईंनी एरवीसारखा शब्द उचलला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. नंतर अण्णांनी खाकरून पुढचं गाव घेतलं.

रेकॉर्डिंग संपल्यावर मी विचारलं, "ते हौसा काय होतं?"

तानूबाई बाहेर गेल्या होत्या. अण्णा पायाखालची घोंगडी झटकत म्हणाले, "आमची थोरली. तीन वर्साची व्हती. तापात गेली, तिथंच ठेवली."

"अरेरे," मी म्हणालो, आणि वायरी गुंडाळायला लागलो.

मालकांनी पंधरा मिनिटं ऐकलं. "हे कोण घेणार? लोक नाचले पाहिजेत. ठेका टाक. पाच-पाच मिनिटांची आठ गाणी कर." मी मालकांचं नाव पुढं करू शकतो, इतकी वर्षं तेच करत आलो. पण कात्री माझ्या हातात होती. मी मुक्काम कापले. गावांची नावं कापली, ती कुणाला कळणार म्हणून. काठी काढली. अण्णांचा आवाज मूळ गतीनं ठेक्यात बसेना, तेव्हा तो थोडा पळवला. आणि हौसाच्या जागी आवाज फुटला होता, ती चूक समजून मी ती काढली. ती जागा नीट जुळावी म्हणून मी ती तीस-चाळीस वेळा ऐकली. शब्द सुरू होण्याआधीचा श्वास कुठं संपतो, तिथून किती मागं गेलं की सांधा कळणार नाही. फार सफाईनं केलं मी ते काम. मालकांनी पाठ थोपटली.

अल्बम आला आणि गेला. यात्रेत दोन-चार ठिकाणी वाजला असेल. पुढच्या हंगामात अण्णा त्यांच्या प्रती न्यायला आले. मी कॅसेट लावून दाखवली. उभ्यानंच त्यांनी एक बाजू ऐकली. पाय हलत नव्हते.

"चांगलं झालंय साहेब," ते म्हणाले. "ह्यात मी कुठं थांबलोच न्हाई."

मला ते कौतुक वाटलं. मी चहा मागवला.

मूळ टेपांचं काय झालं तेही सांगून टाकतो. टेप महाग असायची. अल्बमची पक्की प्रत निघाली की त्याच टेपांवर पुढचं काम घ्यायची आमच्याकडं पद्धत होती. त्या वर्षी निवडणुकीची धामधूम होती. अण्णांच्या दीड तासाच्या वाटेवर मी कुठल्याशा उमेदवाराच्या प्रचाराची गाणी भरली. एक प्रत काढून ठेवायला एक दुपार पुरली असती. मला ते सुचलंसुद्धा नाही.

मग वर्षं गेली. स्टुडिओ बंद पडला. पोटासाठी मी काय काय केलं. मध्येच कधी, कुठल्या लग्नाच्या व्हिडिओवर काम करताना, एखादी बाई मुलीला निरोप देताना बोलायची थांबते ती जागा यायची, आणि माझं बोट कापायच्या बटणावर जाऊन अडायचं. आवाजात कुठं काही घडत असेल तर ते थांबण्यात घडतं, हे मला असं परक्यांच्या लग्नांतून कळत गेलं. कोयनानगरच्या बाईंना ते आधीच माहीत होतं. अण्णांना तर बापजाद्यांपासून.

सईनं यादी टाकली त्याला पंधरा दिवस झाले असतील. एका रविवारी दुपारी दारात एक बाई उभी. तिशीची, सलवार-कमीज, हातात हेल्मेट.

"काका, तुम्हीच ना ते? अल्बमवाले? मी रेणुका. बिरूअण्णांची धाकटी."

मी तिला आत बोलावलं. ती सांगलीतल्या एका दवाखान्यात नर्स आहे. अण्णा चार वर्षांपूर्वी गेले. मेंढरं भावानं विकली. आई गावाकडंच, माळावरच्या घरात.

"तुमची ती यादी वाचली. त्यात आमच्या अण्णांचा अल्बम न्हाई."

मी काहीतरी पुटपुटलो.

"न्हाई, बरोबर हाय तुमचं. आम्हाला पण आवडला नव्हता." ती हसली. माझ्यावर रागावलेली ती दिसत नव्हती, तेच मला जड गेलं. "पण काका, त्याच्या आधीचं असंल ना तुमच्याकडं? अण्णांनी अख्खी ओवी म्हणली होती म्हणतात. तुम्ही एवढं जपून ठेवता सगळं. म्हटलं, ते पण ठेवलं असंल."

ती सांगत गेली. तिच्या थोरल्या बहिणीचं नाव घरात कुणी घेत नसे. तिच्या जन्माच्या कितीतरी आधीची गोष्ट. अण्णा वर्षातनं एकदाच, घाटाची ओवी म्हणताना, ते नाव घ्यायचे. इतर दिवशी नाही, भांडणात नाही, देवापुढं नाही. गुडघे गेले आणि वाट बंद झाली, तशी ओवीही बंद झाली. "आई आता म्हणती, एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं हाय. मी म्हटलं, आई, माणूस गेला आता. तर म्हणती, सांगलीला हाय ते. त्या मिशनीत हाय."

तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो. जुन्या टेपा माळ्यावर आहेत. शोधायला वेळ लागेल."

माळ्यावर काहीही नव्हतं.

ती आनंदानं गेली. आठवड्यानं फोन आला, "काका, सापडली का?" मी म्हणालो, शोधतोय. पुन्हा आठवड्यानं. "आई विचारती." मी म्हणालो, काही टेपांना बुरशी आलीय, साफ करतोय. खोटं बोलायला लागलं की तपशील आपोआप सुचतात. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही, फक्त म्हणाली, "आईनं तुमच्यासाठी जेनाची लोकर ठेवलीय. बसायला घोंगडी करून देणाराय. तेवढं म्हणली, सांग त्यांना." जेन म्हणजे कोकराची पहिली लोकर, सगळ्यात मऊ. फोन ठेवून मी खोलीत जाऊन अंधारातच बसलो. बायकोनं संध्याकाळी दिवा लावला आणि विचारलं, काय झालं. मी तिला सगळं सांगितलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

ऐकून घेऊन ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तानूबाईंकडं जायला निघालो, आणि कुंडलच्या अलीकडं रस्ता अडला तो हाच दिवस. परतायचं मनात आलं होतं. मेंढरं गेली, रस्ता मोकळा झाला, मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला. मी गाडी पुढं घेतली.

कुंडल सोडून पूर्वेला जावं तसा ऊस विरळ होतो, मग संपतोच. हवा कोरडी होते. उजाड माळ, मध्येच एखादं लिंबाचं झाड, पवनचक्क्या, डाळिंबाच्या बागांवरची पांढरी कापडं. अण्णा ही वाट उलटी चालत यायचे. मी गाडीवरून तासाभरात जे ओलांडत होतो त्याला त्यांना आठ-दहा दिवस लागायचे, आणि त्यातलं प्रत्येक झाड त्यांना नावानं माहीत होतं. मला वाटेतली एकही खूण आठवेना. ओवी मी ऐकली होती. वाट मी कधी ऐकलीच नव्हती.

रेणुकानं सांगितलं होतं तसं घर सापडलं. पत्र्याचं छप्पर, दारात रिकामा मेंढवाडा, त्यात आता फक्त दोन शेळ्या. तानूबाई उन्हाला बसून लोकर पिंजत होत्या. सत्तरीच्या असतील, अंग वाळून गेलेलं, डोळ्यावर जाड चष्मा. मी नाव सांगितलं. त्यांनी चष्म्यातून वर बघितलं आणि घाईनं हात झटकून उठायला लागल्या.

"आला व्हय? बस बाबा, बस. पानी आनती. आनलंस का?"

"मावशी, तुम्ही बसा. मला आधी बोलू द्या."

मी उभ्यानंच सांगितलं. टेप नाही. सापडायचा प्रश्नच नाही, मीच पुसली. कशावर काय भरलं तेही सांगितलं. त्याआधी मी अण्णांचे मुक्काम कापले, नाव कापलं. आवाज फुटला होता म्हणून. चूक वाटली म्हणून. आणि हा महिनाभर मी रेणुकाशी खोटं बोललो, माळ्यावर काही नव्हतं.

लोकरीचा पुंजका हातात तसाच. शेळीनं मान हलवली, गळ्यातली घंटी वाजली. मला वाटलं, आता उठतील, आत जातील आणि दार लावतील. तसं झालं असतं तर बरं, असंही वाटलं.

"ती क्यासेट हाय माज्याजवळ," त्या म्हणाल्या. "लावायची मी. ते हायत त्यात. पर कुणीतरी त्यास्नी पळवतंय. मेंढरामागं जलमभर चालल्याला मानूस, त्यात पळतोय." त्यांनी पुंजका खाली ठेवला. "मला वाटायचं, असंल बाबा मिशनीचं काहीतरी. तूच केलंस व्हय ते."

"मीच केलं."

"तवा सांगायचं व्हतंस की. ते जित्ते व्हते. फिरून म्हनले असते."

अण्णा त्यानंतर वीस-एकवीस वर्षं जगले. गुडघे जाईपर्यंत दर हंगामाला कुंडलच्या शिवारात येत होते, माझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर. एक माइक आणि एक सकाळ. मी मान खाली घालून गाडी पुढं काढायचो.

"माफी मागायला आलोय, असंही म्हणवत नाही मावशी," मी म्हणालो.

"माफी घिऊन मी काय करू?" त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो मला पाहिजेच होता. "माजी पोर तिथं हाय, जांभळीखाली. तिथवर माजे पाय न्हाईत. ते गेलं. तिचं नाव म्हननारं तोंड गेलं. आता मला कुनी सांगायचं, की ती व्हती म्हनून?"

रडू त्यांना आलं नाही. मला आलं, आणि त्याचीही लाज वाटली, कारण रडायचा हक्क माझा नव्हता. त्यांनी मला रडू दिलं. मग शेजारच्या दगडाकडं बोट केलं. मी बसलो.

"तू किती येळा ऐकलंस ते?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तिचं नाव. त्यांनी म्हनल्यालं. कापायच्या आदी."

"तीस वेळा. चाळीस. जास्तच असेल."

"मग मी ऐकलं त्याच्यापरीस लय ऐकलंस तू." त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. "मी दर वर्साला एकडाव ऐकायची. तवा बी अर्ध्यात कान मिटायची. तू समदं ऐकलंस. मग तूच सांग, कसं म्हनायचे ते?"

"मावशी, मला गाता येत नाही."

"ते तरी कुटं गायचे? म्हन."

मला आठवत होतं, हेच भयंकर होतं. श्वास कुठं घेतला, शब्दाआधी किती थांबले, 'हौ' किती लांबला आणि 'सा'वर आवाज कसा खाली पडून फुटला. ते कुठं आहे हे कळल्याशिवाय मला ते कापता आलं नसतं. ज्या सफाईनं मी ते काढलं होतं तेवढ्याच नेमकेपणानं ते माझ्या कानात राहिलं होतं, आणि पंचवीस वर्षं मी त्याला बाहेर येऊ दिलं नव्हतं.

माळावर वारा नव्हता. लांब कुठंतरी एक पवनचक्की हळूहळू फिरत होती. मी श्वास घेतला, थांबलो, आणि म्हणालो, "हौसा."

माझा आवाज परका, शहरी, घाबरलेला. तानूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली.

"तसं न्हवं. तू लवकर म्हनलंस. आदी थांबायचे ते. अजून."

मी पुन्हा श्वास घेतला. ह्या वेळी घाई केली नाही. शेळ्या रवंथ करत होत्या, ऊन पायांवर आलं होतं. मला जेवढं आठवत होतं तेवढा वेळ मी थांबलो, मग त्याहून थोडा जास्त, आणि मग म्हणालो.

त्या काही बोलल्या नाहीत. अंगणात सगळं शांत झालं. मी ते तसंच राहू दिलं. पुष्कळ वेळानं त्यांनी डोळे न उघडताच मांडीवरचा हात थोडा वर उचलला.

"परत म्हन," त्या म्हणाल्या.